अभ्यासिका झाली, पोरं गेली: मराठवाड्यातल्या एका गावाचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाव मराठवाड्यातलं, सोयाबीन-तुरीच्या पट्ट्यातलं. मतदार साधारण 2,400. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून नावं गाळली आहेत आणि काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत. मी तालुक्यात ग्रामसभा आणि गावविकास आराखड्यावर काम करणाऱ्या एका संस्थेत आहे. या प्रकरणात मी आलो तो अर्ध्यावर. आधीचं जे लिहिलंय ते दोन्ही बाजूंकडून ऐकलेलं आणि कागदांवरून पडताळलेलं आहे.

गावात दोन पॅनेल. कोण कोणत्या पक्षाचं हे दर विधानसभेला बदलतं, पॅनेल मात्र बदलत नाहीत. डिसेंबर 2022 मध्ये ग्रामपंचायतीची निवडणूक झाली, ती थेट सरपंच पद्धतीने, म्हणजे सरपंच सदस्यांनी नाही तर मतदारांनीच निवडायचा. ही पद्धत 2017 ला आली, 2020 ला गेली आणि 2022 ला परत आली. तिचा एक परिणाम अनेक गावांत दिसतो, तोच इथेही झाला: सरपंच एका पॅनेलचा आणि सदस्यांत बहुमत दुसऱ्याचं. उपसरपंच अर्थातच दुसऱ्या पॅनेलचा.

या निवडणुकीत गावातल्या पोरापोरींनी जीव तोडून काम केलं होतं. वय 19 ते 26. कुणी पोलीस भरतीसाठी पहाटे धावणारा, कुणी एमपीएससीवाली, बरेच तलाठी भरतीच्या मागे. सरपंचाच्या जाहीरनाम्यात तिसऱ्या क्रमांकावर अभ्यासिका होती आणि ती या पोरांनीच लिहायला लावली होती. जुन्या शाळेच्या दोन खोल्या रिकाम्या पडून होत्या. एकीत फवारणीचे पंप, तुटकी बाकं आणि पाण्याच्या टाकीचे उरलेले पाइप, दुसरीला कुलूप. घरात टीव्ही, लहान भावंडं, येणारे-जाणारे आणि बेभरवशाची लाइट. अभ्यासाला जागा हवी, एवढंच मागणं.

मागणं लहान वाटत असेल तर 2023 ची तलाठी भरती आठवावी. 4,644 जागांना 10 लाखांवर अर्ज आले आणि खुल्या गटाचं परीक्षा शुल्क 1,000 रुपये होतं. त्या शुल्कावर, पेपरफुटीच्या बातम्यांवर, निकालाच्या गुणांवर ही पोरं तासन्‌तास बोलत. ‘आजच्या पोरांना राजकारणात रस नाही’ हे वाक्य गावच्या पारावर बसून म्हणणाऱ्यांनी ते बोलणं कधी ऐकलंच नव्हतं.

एक गोष्ट इथेच सांगतो, कारण ती पुढे उपयोगी पडेल. दोन्ही पॅनेलचे म्होरके पन्नाशीच्या पुढचे, आणि दोघंही तालुक्याच्या कॉलेजात निवडणूक लढवलेले. त्यातला एक तर जीएस, म्हणजे विद्यार्थ्यांचा निवडून आलेला सरचिटणीस होता. महाराष्ट्रात कॉलेजमधल्या थेट निवडणुका 1994 ला बंद झाल्या. 2016 च्या विद्यापीठ कायद्यात त्या परत आणल्या, 2019 ला तारखाही ठरल्या आणि विधानसभेचं कारण होऊन पुढे ढकलल्या गेल्या. म्हणजे सभेत उभं राहून बोलणं, हरकत घेणं, ठराव शब्दाशब्दाने लिहून घेणं, हरल्यावर दुसऱ्या दिवशी त्याच माणसासोबत चहा पिणं, हे सगळं म्होरक्यांनी विशीत शिकून घेतलं होतं. पोरांनी कधी वर्गप्रतिनिधीसाठीसुद्धा हात वर केलेला नव्हता.

ठराव झाला, म्हणजे काय झालं?

15 ऑगस्ट 2023 ची ग्रामसभा. झेंडावंदनानंतर लोक जिलेबी घेऊन पांगले. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. इथे म्हणजे 100 माणसं. तेवढी नव्हती, सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, म्हणून पुढच्या आठवड्यात ती पंचायतीच्या खोलीत वीस-पंचवीस जणांत उरकली. आमच्या भागात हा नेमच झालाय. तहकूब सभा कधी आहे हे माहीत असणारे लोकच गाव चालवतात.

या वेळी मात्र पोरं आली. दहा-बारा जण, त्यात तीन मुली. त्यांचा विषय विषयपत्रिकेवर नव्हता. शेवटी ‘ऐनवेळी येणारे विषय’ आले तेव्हा एकाने उठून मांडला. सरपंच म्हणाले, ‘आपलाच शब्द आहे, करून टाकू.’ उपसरपंचांनीही मान हलवली. पोरांसमोर नाही कोण म्हणणार? टाळ्या झाल्या, फोटो निघाला, सगळ्यांच्या स्टेटसला लागला. पोरांच्या लेखी काम फत्ते झालं.

मग सप्टेंबर आला. जालना जिल्ह्यात अंतरवाली सराटीला मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला आणि मराठवाडा पेटला. ऑक्टोबरात गावोगावी नेत्यांना गावबंदीचे फलक लागले, तसा इथेही लागला. साखळी उपोषणाच्या मंडपात यातलीच काही पोरं रात्री झोपायला होती. आरक्षणाच्या बाजूने आणि विरोधात दोन्हीकडे त्यांना आकडे, निकालपत्रं, आयोगांची नावं पाठ होती. ज्यांना राजकारणात रस नाही असं आपण म्हणतो ती ही मंडळी. पण गटात मराठाही होते, ओबीसीही होते. एकत्र अभ्यास करणारे दोन व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये विभागले गेले आणि अभ्यासिकेचा विषय दोन्हीकडे मागे पडला.

याच धामधुमीत 2 ऑक्टोबरची ग्रामसभा होऊन गेली. गटातलं कुणीच गेलं नाही. या प्रकरणातली सगळ्यात महागात पडलेली गैरहजेरी ही, आणि तिचं कारण आळस नव्हतं. आपला ठराव तर झालाय, आता कशाला जायचं, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं. पुढच्या आर्थिक वर्षाचा गावविकास आराखडा ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत ठरतो. त्या वेळी पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, उरलेला 40 टक्के अबंधित. अभ्यासिका बसणार ती या अबंधित पैशात, आणि तेही आराखड्यात तिचं नाव असेल तर. आराखडा एकदा ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर चढला की ग्रामसेवक कुणालाही तोंड वर करून सांगू शकतो, ‘आराखड्यात नाही, मी काय करू?’

डिसेंबरात पोरं विचारायला गेली तेव्हा त्यांना तीन माणसांकडून तीन उत्तरं मिळाली. सरपंच म्हणाले, सदस्य अडवतात. उपसरपंच म्हणाले, सरपंचाने विषय मासिक सभेत आणलाच नाही. ग्रामसेवकाने वर सांगितलेलं वाक्य सांगितलं. गंमत म्हणजे तिघंही खरं बोलत होते.

समोरचे पर्याय

जुन्या शाळेच्या ओट्यावर बसून पोरांनी जे पर्याय काढले ते असे.

गावातल्याच वजनदार माणसामार्फत विधानसभेच्या एका इच्छुकाचा निरोप आला होता: टेबल-खुर्च्या, पंखे, पुस्तकं, सगळं मी देतो, फक्त कार्यक्रम मोठा करा. भरतीवाल्या पोरांना हा पर्याय पटला. त्यांना परीक्षा तीन महिन्यांवर दिसत होती. पंचायतीच्या वाटेने गेलं तर पुढचं वर्ष उजाडणार होतं.

दुसरा पर्याय लोकवर्गणी. गणपतीला जमते, हरिनाम सप्ताहाला तर लाखात जमते, मग यालाही जमेल असा हिशोब. पण वर्गणी मागायला दोन्ही ग्रुपची पोरं एकत्र दारोदार फिरायला हवी होती आणि तेवढ्यावरच तो पर्याय मेला.

जिल्हा परिषद किंवा पंचायत समितीच्या सदस्याकडे जावं, असंही एक जण म्हणाला. सदस्यच नव्हते. मुदत मार्च 2022 मध्ये संपलेली, तेव्हापासून प्रशासक. पंचायत समितीच्या सभापतींच्या खोलीला कुलूप पाहून आलेल्या पोराला ‘लोकशाहीची पाळंमुळं’ यावर निबंध लिहायला सांगणं हा वेगळाच विनोद आहे.

चौथा पर्याय गटविकास अधिकाऱ्यांकडे तक्रार, नाहीतर पंचायतीसमोर उपोषण. उपोषणाची सवय ताजी होती. पण कुणाविरुद्ध बसायचं? सरपंचाविरुद्ध बसलो तर उपसरपंच पाणी पाजायला येणार, आणि उपसरपंचाविरुद्ध बसलो तर सरपंच.

पाचवा पर्याय गटातल्या एका मुलीने मांडला. तिला इथे ‘ती’च म्हणतो. वय 23, बीएस्सी झालेली, एमपीएससीची तयारी करणारी. तिचं म्हणणं, आधी ठराव नेमका काय झालाय ते तरी वाचू.

आणि एक पर्याय नेहमीचा, कुणी न बोललेला: सोडून द्यायचं आणि पुण्याला जायचं. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर जागा मिळते, अभ्यासिकाही मिळते, पैसे पडतात एवढंच.

काय केलं

गट फुटला. पहिल्या आणि पाचव्या वाटेने एकाच वेळी काम सुरू झालं, एकमेकांना न विचारता.

भरतीवाल्यांनी इच्छुकाचा कार्यक्रम ठरवला. वेशीवर फ्लेक्स लागला. वर नेत्यांचे गोल फोटो, खाली ‘स्वागतोत्सुक’ म्हणून पोरांचे पासपोर्ट साइज. सरपंचाला फ्लेक्सवर जागा नव्हती, मग जागा पंचायतीची असून खोली उघडून द्यायला त्यांनी का यावं? तारीख पुढे सरकत गेली. 16 मार्च 2024 ला लोकसभेची आचारसंहिता लागली, फ्लेक्स उतरला आणि टेबलं काही आली नाहीत.

तिने माहितीच्या अधिकारात अर्ज केला. 10 रुपयांचं तिकीट, ऑगस्टच्या सभेच्या इतिवृत्ताची प्रत. ग्रामसेवकाने मुदतीत प्रत दिली. एरवी मी ग्रामसेवकांबद्दल बरंच कडवट लिहीन, पण या गृहस्थाकडे दोन गावांचा कारभार होता आणि त्याने कागद लपवला नाही. ती प्रत घेऊन ती आमच्या संस्थेत आली, तिथून माझा संबंध.

ठराव असा होता: ‘अभ्यासिकेबाबत चर्चा झाली. योग्य ती कार्यवाही करण्यात यावी. ठराव सर्वानुमते मंजूर.’ कुणी कार्यवाही करायची, कुठल्या निधीतून, कोणत्या खोलीत, कधीपर्यंत, यातलं काही नाही. सूचक म्हणून ज्या सदस्याचं नाव होतं तो त्या दिवशी नातेवाइकाच्या ऑपरेशनसाठी लातूरला होता. पोरांपैकी एकाचंही नाव कागदावर नव्हतं. तिने ते दोनदा वाचलं आणि म्हणाली, ‘सर, यात आम्ही नाहीच की.’

इथे निर्णय घ्यायचा होता. ठराव खोटा लिहिला म्हणून तक्रार करायची, की 26 जानेवारीच्या ग्रामसभेत नव्याने मांडायचा? तक्रारीत दम होता. पण चौकशी लागली तर ती सहा महिने चालते, आणि जानेवारी संपला की आराखडा हातचा जातो. आम्ही दुसरं सुचवलं. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, ती बहुतेक गावांत रजिस्टरवरच होते. या गावात मात्र उमेदचे, म्हणजे सरकारच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे, महिला बचत गट चांगले चालतात. या गटांचा मिळून ग्रामसंघ आहे आणि गटांचं काम बघणाऱ्या गावातल्याच कार्यकर्त्या, म्हणजे सीआरपी ताई, हुशार. बचत गटाच्या बैठकीत दोन्ही पॅनेलच्या घरच्या बाया एका सतरंजीवर बसतात, कारण कर्जाचा हप्ता पॅनेल बघत नाही. आमच्या माहितीत या गावातली हीच एक बैठक अशी होती.

महिला सभा झाली. तिने विषय मांडला तो असा: ‘पोरींना अंधार पडल्यावर बसायला उजेडाची, दार लागणारी जागा पाहिजे.’ आयांना ते एमपीएससीपेक्षा लवकर कळलं. शिफारस लिहून घेतली: जुन्या शाळेची पूर्वेकडची खोली, वीजजोडणी, बाकं, एक स्वच्छतागृह, निधी अबंधित, वर्ष 2024-25. खाली ग्रामसंघाच्या अध्यक्षा आणि सचिवांच्या सह्या.

26 जानेवारीला ही शिफारस वाचली गेली. ग्रामसेवकाला हवा होता तसा कागद मिळाला: कुणाच्याच पॅनेलचा नाही, म्हणून कुणाला नाही म्हणता येणार नाही असा. विषय आराखड्यात गेला.

तिने तेवढ्यावर थांबायला हवं होतं असं काही जण आजही म्हणतात. ती थांबली नाही. तिने उठून विचारलं, ऑगस्टच्या ठरावावर सूचक म्हणून हे नाव कसं आलं? सभा गप्प. मग मागून एक आवाज आला, ‘पोरी, तू कुणाच्या घरची गं?’ गावात सगळ्यांना ते माहीत होतं. विचारणाऱ्यालाही माहीत होतं. दुसरा म्हणाला, ‘हिचा बाप त्या पॅनेलच्या बूथवर होता ना, मग बोलणारच.’ हशा पिकला. तिच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच संपलं. सभेत मीही होतो, आणि अध्यक्षस्थानी बसलेल्या सरपंचांनी एकदाही ‘तिला बोलू द्या’ म्हटलं नाही. ज्या पोरांनी त्यांना निवडून आणलं त्यांच्यातलीच ती एक.

पुढच्या आठवड्यात मोंढ्यात तिच्या वडिलांना कुणीतरी बोललं, ‘तात्या, पोरगी फार शिकली, आता आवरा.’ सोयाबीनचा भाव पडलेला, पतसंस्थेचं कर्ज थकलेलं, आणि पतसंस्थेचे संचालक दोन्ही पॅनेलमध्ये वाटलेले. वडिलांनी घरी एवढंच सांगितलं की जागा मिळतेय ना, मग बस झालं. ते पुरेसं होतं.

काय झालं

अभ्यासिका झाली. 2024-25 मध्ये अंदाजपत्रक झालं, तांत्रिक मान्यता मिळाली, खोलीला रंग, वीज, बाकं, पंखे. उद्घाटनाला दोन्ही पॅनेलचे लोक होते आणि कोनशिलेवर नावं कोणाची यावरून आठवडाभर वाद झाला तेवढाच. भाषणात ‘युवकांच्या मागणीवरून’ असा उल्लेख होता. ज्यांनी मागितलं त्यांतले बहुतेक तोवर पुण्यात किंवा छत्रपती संभाजीनगरात होते. ‘ती’ सुद्धा.

20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचं मतदान झालं. दोन्ही बाजूंनी पुण्याला गाड्या पाठवल्या. रात्री स्वारगेटहून निघायचं, वाटेत ढाब्यावर जेवण, सकाळी मतदान, दुपारी परत. पोरं आली, बोटाला शाई लावून गेली. राज्यात त्या वेळी 66 टक्क्यांच्या आसपास मतदान झालं. या गावाचं त्याहून जास्तच होतं. मतदानाच्या टक्क्यावर तरुणांचा उत्साह मोजणाऱ्यांना हे गाव नमुनेदार वाटेल. पण त्या गाडीतल्या एका पोराने मला जे सांगितलं ते टक्केवारीत बसत नाही: ‘पाच वर्षांत आमची गरज या एका दिवशी असते सर, त्या दिवशी ते पेट्रोल पण टाकतात.’

2025 च्या ग्रामसभांची हजेरीपत्रकं मी पाहिली. तिशीच्या आतल्या सह्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि त्यांतले बहुतेक पंचायतीत कामाला असलेले. मी तिला फोनवर विचारलं की आता सुट्टीत आलीस तर सभेला जाशील का. ती हसली. म्हणाली, काम झालं ना, मग कशाला बाबांना ताप.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली चूक ऑगस्टमधली, आणि ती टाळायला फक्त दहा मिनिटं लागली असती. विषय सभेच्या आधी लेखी देऊन विषयपत्रिकेवर घ्यायला हवा होता, आणि उठण्यापूर्वी ठराव वाचून घ्यायला हवा होता. सूचक म्हणून आपलं नाव लिहायला लावायचं, काम कोण करणार आणि पैसा कुठला ते लिहायला लावायचं. जीएस झालेला माणूस हे झोपेत करतो. पोरांना हे शिकवायला कॉलेजने काही ठेवलेलं नाही, आणि ग्रामसभेच्या सरकारी प्रशिक्षणांत ग्रामपंचायत कायद्याचं ग्रामसभेवरचं कलम 7 असतं, ऑक्टोबर ते जानेवारी हे वेळापत्रक नसतं. हक्क सांगून माणूस सभेत येतो. तारीख कळली नाही तर तो रिकाम्या हाताने परत जातो, आणि दुसऱ्यांदा येत नाही.

इच्छुकाची मदत घेणाऱ्या पोरांना मी दोष देत नाही. ज्याची वयोमर्यादा दर वर्षी जवळ येते त्याला ‘पुढच्या आराखड्यात बघू’ हे उत्तर म्हणजे नकारच. फक्त ती मदत पंचायतीच्या नावे, पत्र देऊन, सरपंच आणि उपसरपंच दोघांना फ्लेक्सवर घेऊन मागितली असती तर निदान खोली उघडली असती. मानापमानाचा हिशोब आधी करणं हे गावात कमीपणाचं नाही.

26 जानेवारीचा प्रसंग मात्र मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे काम जिंकलं आणि माणूस हरला. तिने प्रश्न विचारायला नको होता हे मला मान्य नाही. पण तो प्रश्न तिने एकटीने विचारायला नको होता. विरुद्ध पॅनेलच्या घरातल्या एका पोराने त्याच वेळी उठून तोच प्रश्न विचारला असता तर ‘कुणाच्या घरची’ या वाक्यातली हवा निघाली असती. असा एक पोरगा गटात होता. तो त्या दिवशी फ्लेक्सवाल्यांबरोबर होता. गट फुटल्याची खरी किंमत इथे मोजावी लागली. आणि ग्रामसंघाच्या बायका, ज्यांनी आदल्या सभेत तिची बाजू धरली, त्या झेंडावंदनानंतर घरी स्वयंपाकाला गेल्या होत्या. त्यांना थांबवून घेणं आमच्या हातात होतं की सरपंचांच्या, यावर आमच्या संस्थेत अजून एकमत नाही.

सरपंचांशी मी नंतर बोललो. त्यांचं म्हणणं, मी तिला बोलू दिलं असतं तर सदस्यांनी आराखडाच अडवला असता. शक्य आहे. दोन पॅनेलमध्ये कोंडलेल्या थेट सरपंचाला रोज असाच व्यवहार करावा लागतो. पण पुढच्या निवडणुकीत जाहीरनामा लिहायला पोरं कुठून आणणार, असं विचारल्यावर ते म्हणाले, ‘पोरं काय, मिळतात. दर वर्षी नवी अठराची होतात.’

खोलीची वेळ सध्या पंचायतीच्या कार्यालयाची आहे, सकाळी 10 ते संध्याकाळी 5. पोलीस भरतीवाल्यांना पहाटे लागते आणि मुलींना संध्याकाळी 7 नंतर. किल्ली शिपायाकडे. ग्रामसंघाने ती मागितली आहे. सीआरपी ताईंनी अर्ज लेखी दिलाय, पोच घेतली आहे, आणि पुढच्या विषयपत्रिकेत त्याचा क्रमांक काय ते त्या दर दोन दिवसांनी विचारून येतात.